'विष्ठाश्म' चालतो, मग 'वनस्पत्यश्म' का नको?

प्रश्न: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या डायनोसॉरकालीन विष्ठेच्या जीवाश्मांबद्दल मराठीत लिहायचं आहे. कॉप्रोलाइटला 'विष्ठाश्म' आणि फायटोलिथला 'वनस्पत्यश्म' म्हटलं तर चालेल का?

उत्तर १: 'विष्ठाश्म' खुशाल वापरा. विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये शेण आणि दगड या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून मूळ शब्द घडवला, मराठी समासही तसाच बसतो. 'शेण' म्हटलं की गाय-म्हैस आठवते, 'लेंडी' म्हटलं की शेळी. 'विष्ठा' कोणत्याही प्राण्याची, म्हणून तोच बरा.

'वनस्पत्यश्म' मात्र नको. फायटोलिथ हा दगड झालेला अवशेष नव्हेच. जिवंत झाड मुळांवाटे विरघळलेली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) घेतं आणि ती पेशींत घट्ट बसते, तोच हा कण. भाताच्या तुसाच्या राखेत मुख्यतः हीच सिलिका असते, म्हणून ती भांडी घासायला चालते. आज कापलेल्या गवतातही फायटोलिथ मिळतात. 'अश्म' जोडलं की वाचक त्याला जीवाश्म समजणार.

उत्तर २: प्रयोगशाळेतही हा फरक आडवा येतो. परागकण वेगळे काढताना खडकातली सिलिका हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवतात. फायटोलिथसाठी तेच आम्ल वापरलं तर शोधायची वस्तूच नाहीशी होते.

रीत अशी: विष्ठाश्माचा बाहेरचा थर आधी खरवडून टाकायचा, नाहीतर आजच्या मातीतले गवताचे कण मिसळून निष्कर्ष फसतो. आतला भाग कुटून १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात फेस थांबेपर्यंत ठेवायचा, म्हणजे चुना जातो. मग नायट्रिक आम्लाने सेंद्रिय भाग काढून वारंवार धुवायचं. शेवटी सोडियम पॉलिटंगस्टेटचं सुमारे २.३५ घनतेचं द्रावण घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. क्वार्ट्‌झची घनता २.६५, ते तळाशी जातं. फायटोलिथ हलके, ते तरंगतात. द्रावण जास्त पातळ झालं तर तेही बुडतात, म्हणून घनता आधी मोजून घ्यावी. कण ४०० पट मोठे करून बघतात आणि आकारावरून गवताचा गट ठरवतात.

पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत असे गवताचे फायटोलिथ मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं.

उत्तर ३: याच ओघात 'अश्मीभूत लाकूड' या शब्दाबद्दल. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या चर्टमधल्या (सिलिकेच्या घट्ट खडकातल्या) वनस्पतींत सिलिका पेशींच्या पोकळ्यांत भरली, पण पेशीभित्तीचे सेंद्रिय अवशेष बऱ्याचदा शिल्लक राहिले. म्हणून तर त्यांचा पापुद्रा उचलता येतो: गुळगुळीत केलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने किंचित खायचा, पेशीभित्ती उभ्या राहतात. धुऊन वाळवून ॲसिटोन ओतायचं आणि सेल्युलोज ॲसिटेटचा कागद बसवायचा. वाळल्यावर तो सोलला की पेशी कागदासोबत निघतात. कागदाखाली हवा अडकली तर तेवढा भाग कोरा राहतो. हे आम्ल काच खातं आणि त्वचेतून खोल जातं. भांडी प्लास्टिकचीच हवीत, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं. अशा नमुन्यांना मी 'खनिजभरित' म्हणेन. 'अश्मीभूत' वाचलं की सगळंच दगड झालं असं वाटतं.

उत्तर १: पटलं. मूळ प्रश्नापुरतं वाक्य असं ठेवा: 'पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे फायटोलिथ, म्हणजे झाडाने पेशींत साठवलेले सिलिकेचे कण, सापडले.'