मदत हवी आहे: काकूंकडे पैसे मागायचेत, पण दुखवायचं नाही

सुईदोरा
लवकर सांगा प्लीज, त्या संध्याकाळी सातला येणार आहेत. मी डोंबिवलीला घरीच शिलाईकाम करते. आमच्या मजल्यावरच्या काकू फॉल-पिकोला साड्या आणून ठेवतात आणि पैशांचं नावही काढत नाहीत. वर "तुझ्या हाताला काय गं, दहा मिनिटांचं काम." आज चार आणतायत. भांडायचं नाही, पण यापुढे फुकटही करायचं नाही. नेमकं काय बोलू? लेक्चर नको, वाक्य द्या.

चौकस
आतापर्यंत किती साड्या झाल्या? दर काय? आणि तो दर काकूंना कधी सांगितलाय का?

सुईदोरा
दिवाळीपासून अकरा. इतरांकडून दीडशे घेते, फॉल माझा. त्यांना माहीत असणारच ना, सगळी बिल्डिंग माझ्याकडेच देते.

चौकस
म्हणजे सांगितलेला नाही.

रोखठोक
यात विचारायचं काय? "काकू, सहाशे होतील." संपलं. भीड भिकेची बहीण. मी मेहुण्याकडे उसने दिलेले पैसे भर पंगतीत मागितले होते.

मृदुला७
पंगतीत?? मेहुणा बोलतो का अजून?

रोखठोक
नाही. पण पैसे आले.

मनकवडा
ताई, मूळ दुखणं पैशांचं नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्याचं म्हणणं, माणसाला प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलची स्वतःची समजूत जास्त छळते. तुमची समजूत अशी की काकूंनी तुम्हाला कायम चांगलंच म्हटलं पाहिजे. त्या 'पाहिजे'च्या जागी 'म्हटलं तर बरं' ठेवून बघा. एलिसला स्वतःला तरुणपणी बायकांशी बोलायची धास्ती होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये तो महिनाभर बाकांवर बसलेल्या बायकांशी जाऊन बोलत राहिला, शंभरेक जणींशी तरी. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली, असं तोच सांगायचा.

सुईदोरा
दादा, मला सातला बोलायचंय. शंभर काकू कुठून आणू?

योजनामित्र
ताई, पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, शिवाय ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. आधार घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात तिथे, जा.

चौकस
त्यात घरटी एकालाच नोंदणी मिळते, आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर तीही नाही. पण हे विचारलंय कुणी?

मृदुला७
नवऱ्याचं नाव पुढे कर. "हे ओरडतात हो, फुकट काम करू नको म्हणतात." तू गोड राहशील, काम होईल. मी वर्गणीवाल्यांना हेच सांगते.

टाका_टीप
अजिबात नको. काकू उद्या त्यालाच जिन्यात गाठतील, आणि त्याला पत्ताच नसेल.

मी साताऱ्यात वीस वर्षं शिवतेय, म्हणून सांगते. आधी ते दहा मिनिटांचं डोक्यातून काढ. सुती फॉल रात्री भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची. न भिजवता लावला तर पहिल्याच धुण्यात आक्रसतो, साडीच्या काठाला चुण्या पडतात आणि नाव आपलं खराब होतं. मग खालच्या कडेला टीप, आणि वरच्या कडेला हातशिलाई, दर्शनी बाजूला टाका दिसता कामा नये. अशी अडीच मीटर. मला चष्मा लावून पाऊण तास लागतो, पिको वेगळा. हे काकूंना ऐकवायचं नाही हां, तुझं तुला माहीत असलं म्हणजे आवाज आपोआप सरळ येतो.

भाव साडी हातात घेण्याआधी सांगायचा. पिशवी एकदा आत ठेवलीस की गेलं. मागच्या अकरांवर पाणी सोड. तू कधी बोललीच नाहीस, आता तो हिशेब काढलास तर त्यांना चोर ठरवल्यासारखं होईल. म्हणायचं, "काकू, या चारांचे सहाशे होतील, फॉल माझा. शुक्रवारी देते." आणि गप्प बसायचं. तिथंच घोडं अडतं. समोरची काही बोलत नाही म्हणून आपणच घाबरून "राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं" म्हणून मोकळ्या होतो.

सुईदोरा
अगदी हेच म्हणते मी दर वेळी 😔

चौकस
काकू तुमच्यासाठी काही करतात का?

सुईदोरा
तसं म्हणजे, लेकीला शाळेच्या बसमधून त्याच उतरवून घेतात. साडेबारा ते दोन त्यांच्याकडेच असते, जेवतेही. मी तेव्हा स्टेशनजवळच्या टेलरकडे कामाला असते. पण त्यांना आवडतं तिला सांभाळायला.

चौकस
हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का? "तिला शिवायला आवडतं" असं काकूही कुठेतरी म्हणत असतील.

रोखठोक
मग झाली की फिटंफाट! साड्या शिव आणि गप्प बस. मी आधीचं मत मागे घेतो.

टाका_टीप
तुम्ही दोन्हीकडून एक घाव दोन तुकडेच करता. फिटंफाट दोघींनी तोंडाने ठरवली तर. इथे दोघीही मनातल्या मनात वही भरतायत. ताई, काकूंच्या स्वतःच्या साड्या तू आपणहून कर, आणि का करतेस ते त्यांना सांग.

सुईदोरा
त्यांच्या स्वतःच्या तीनच होत्या. बाकी भिशीतल्या मैत्रिणींच्या. आजच्यातली पण एकच त्यांची.

मृदुला७
भिशीतल्या!! मग काकू त्यांच्याकडून पैसे घेतात की काय?

चौकस
मृदुला, सातला पाच कमी आहेत. आत्ता काडी टाकू नका.

सुईदोरा
बोलले. दारातच. "काकू, तुमच्या साड्या मी अशाच करीन, तुम्ही लेकीचं इतकं बघता. मैत्रिणींच्या साडीला दीडशे घेईन." आवाज कापत होता, गळ्यातली टेप बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं झालं. मग गप्प बसले, टाका_टीप ताई, खरंच बसले. काकू म्हणाल्या, "अगं मग आधी नाही का बोलायचंस? मी त्यांना सांगून बसले, आमच्या शेजारची अशीच करते." स्वतःची साडी ठेवली, तिघींच्या परत नेल्या. आता त्यांना काय सांगणार तेही मलाच विचारलं. मी म्हटलं, "माझं नाव सांगा, दीडशे म्हणते म्हणून."

चिडल्या नाहीत. पण एरवी लेकीच्या हातावर काहीतरी ठेवतात, आज तशाच गेल्या. की मलाच वाटतंय? उद्या बसला जातील ना त्या? विचारू का जाऊन?

चौकस
विचारा. आणि उद्या काय शिजवताय ते दोन घास त्यांच्याकडे जाऊ द्या.

टाका_टीप
विचार. पण 'सॉरी' म्हणू नकोस.

मनकवडा
'मलाच वाटतंय' यावर एलिस म्हणतो...

स्वप्नाली_म
ताई, पिकोचं मशीन कुठलं वापरता? मला घ्यायचंय.