मध्यस्थी, रदबदली की विनवणी?

ओळीमधली:
प्रार्थनेवरच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी मागणं, इथवर अडलं नाही. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला मात्र मी 'मध्यस्थी' लिहिलं आणि तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. त्या म्हणतात, बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:5) देव आणि माणसं यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ सांगितलाय, मग आजारी शेजाऱ्यासाठी गुडघे टेकणारा विश्वासी मध्यस्थ कसा? पण मंडळीत सगळे 'मध्यस्थीची प्रार्थना' असंच म्हणतात. काय ठेवू?

पारवा:
त्याच अध्यायाची पहिली दोन वचनं बाईंना दाखवा. पत्र लिहिणारा पौल तिथे सर्व माणसांसाठी, अगदी राजांसाठीही प्रार्थना करायला सांगतो आणि त्यासाठी चार शब्द वापरतो. त्यातला एक मूळ ग्रीकमध्ये 'एन्तेउक्सिस'. पाचव्या वचनातला मध्यस्थ 'मेसितेस'. ग्रीकमध्ये दोघांचं नातंच नाही. एन्तेउक्सिस म्हणजे गाठ घेणं, आणि राजापुढे केलेल्या अर्जालाही तोच शब्द होता. दोन्हींना एकच 'मध्यस्थ' चिकटवला तो आपण.

बारव:
मग 'रदबदली' घ्या. माझी आजी पहाटेच्या प्रार्थनेत एकेकाचं नाव घ्यायची आणि नंतर सांगायची, "तुझ्यासाठी रदबदली केलीय हो." ज्याच्यासाठी केली त्याला धीर यायचा. 'मध्यस्थी'त ती माया नाही.

शब्दनिष्ठ:
रद्द आणि बदल, दोन्ही अरबी. देवासमोर कचेरीतली भाषा कशाला? 'विनवणी' आहे, 'शिष्टाई' आहे.

बारव:
'आमेन' आणि 'हालेलूया' हिब्रूच आहेत, ते कुणी सोडले का? आणि शिष्टाई दोन पक्षांत समेट घडवणाऱ्याची. आजाऱ्याचं आणि देवाचं भांडण नसतं.

पारवा:
मला रदबदलीत अरबी खुपत नाही, अर्थ खुपतो. ठरलेलं रद्द करून बदलून घ्यायचं, अशी ख्रिस्ती प्रार्थना असते का? तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असं येशू शिकवतो (मत्तय 6:8) आणि लगेच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना देतो. म्हणजे मागा, पण माहिती पुरवायला नव्हे. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला होता. त्याचं उत्तर असं: आपण देवाची योजना बदलायला प्रार्थना करत नाही, प्रार्थनेतूनच द्यायचं असं त्याने जे योजलंय ते मिळावं म्हणून करतो. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत स्वतः येशूही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागतो आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोडतो.

बारव:
मग अब्राहामाचं काय करायचं? सदोम नगराचा नाश टळावा म्हणून तो 'तिथे 50 नीतिमान सापडले तर' इथून सुरुवात करतो आणि 10 वर येतो, आणि देव प्रत्येक वेळी ऐकून घेतो. लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केल्यावर मोशे लोकांसाठी आडवा पडतो आणि परमेश्वर आणू पाहत असलेलं अरिष्ट आणत नाही (निर्गम 32:14). अक्वायनसचं उत्तर नीट बांधलेलं आहे, पण आजी मोशेसारखी मागायची. अशा मागण्याला कमी लेखू नये.

कातरवेळ:
फारसीत 'रद्दोबदल' म्हणजे देवाणघेवाण, अदलाबदल. तो अर्थ धरला तर बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. मला तरी प्रार्थना अशीच वाटते, अर्ज देऊन परत फिरण्यासारखी नाही.

निळी शाई:
मूळ शब्दच बघायचा तर 'प्रार्थना'सुद्धा प्र + अर्थ्, म्हणजे मागणंच. मग 'स्तुतीची प्रार्थना' चूक म्हणणार का? वापराने शब्द मोठा झाला. मध्यस्थीचंही तेच. मंडळी ज्या शब्दाने शंभर वेळा डोळे मिटतात तो व्युत्पत्तीवरून खोडता येत नाही.

शब्दनिष्ठ:
वापराने शब्द मोठा होतो तसा ढिलाही होतो. ज्या शब्दाने 'एकच मध्यस्थ' या वचनाला धक्का बसतो तो तरी जपून वापरावा. कॅथलिक मंडळी मरियेला 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात. त्यात 'आमच्यासाठी प्रार्थना कर' एवढंच आहे, मध्यस्थ हा शब्द नाही.

निळी शाई:
पण संतांना 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणावं का, यावरूनही प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांचे मतभेद झाले, तो वाद शब्दाचा नव्हताच.

कातरवेळ:
आजारपणात मला प्रार्थनाच करता येत नव्हती. शब्द सुचायचे नाहीत, सुचले तर खोटे वाटायचे. दोघी मैत्रिणी रोज येऊन माझ्या वतीने प्रार्थना करायच्या, मी नुसती पडून ऐकायचे. रोमकरांस पत्रातलं 8:26 तेव्हा कळलं: काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. मैत्रिणी करत होत्या त्याला 'माझ्या वतीने' हेच मला जवळचं वाटतं.

ओळीमधली:
'वतीने' सुंदर आहे, पण मला प्रकरणाचं शीर्षक हवंय. 'दुसऱ्यांच्या वतीने प्रार्थना' चालेल का?

पारवा:
'वतीने' म्हटलं की त्याच्या जागी उभं राहणं आलं. मैत्रिणी तशा उभ्या होत्या हे मान्य. पण राजासाठी प्रार्थना करणारा राजाच्या वतीने बोलत नाही. तिथे साधं 'साठी' हवं.

बारव:
मोशे मात्र लोकांच्या जागीच उभा राहिला. त्यांना क्षमा करणार नसशील तर माझं नाव तुझ्या पुस्तकातून पुसून टाक, असं तो म्हणतो (निर्गम 32:32). 'साठी' त्याला पुरत नाही.