फायरफॉक्समध्ये उतारा उघडेना, क्रोममध्ये उघडतो. मदत हवी आहे

निपाणी_झेरॉक्स:
विंडोज १०, फायरफॉक्स अपडेट केलेलं. कर्नाटकच्या जमिनीच्या उताऱ्याच्या साइटवर तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव निवडता येतंय. सर्व्हे नंबर घातला की सुर्नोक आणि हिस्सा (सर्व्हे नंबरचे पोटभाग) पण भरून येतात. शेवटचं बटण दाबलं की मात्र काहीच होईना. एररसुद्धा नाही. त्याच मशीनवर क्रोममध्ये उतारा येतो. कुकीज पुसून झाल्या, कंट्रोल-शिफ्ट-आर पण झालं. ह्या एका साइटसाठी क्रोम ठेवायचं नाही.

खानापूर_तंत्र:
हिस्सा भरून येतोय म्हणजे स्क्रिप्ट चालतेय आणि सर्व्हर उत्तर देतोय. अडलंय ते शेवटच्या पायरीला, आणि उतारा सहसा नव्या विंडोत उघडतो. म्हणून आधी पॉप-अप बघा, म्हणजे ब्राउझर ती नवी विंडो अडवतोय का ते. बटण दाबल्यावर पानाच्या वर बारीक पट्टी किंवा पत्त्याच्या चौकटीत छोटं चिन्ह येतं, घाईत ते दिसत नाही. तिथूनच त्या साइटला परवानगी द्या. पट्टी दिसली नाही तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली ‘ब्लॉक पॉप-अप विंडोज’, त्याच्या शेजारी ‘एक्सेप्शन्स’. तिथे साइटचा पूर्ण पत्ता घाला, एचटीटीपीएससकट. अख्खा ब्लॉकर बंद करू नका.

क्रोममध्ये का चालतं? बहुधा तिथे कुणीतरी कधीतरी ‘अलाऊ’ दाबून ठेवलंय.

आणखी एक. सर्व्हर रेंगाळला आणि बटण दाबल्यावर बऱ्याच वेळानं विंडो उघडायला गेली, तर ती तुमच्या क्लिकमुळे उघडतेय हे ब्राउझर धरत नाही, अडवतो. म्हणून एकच साइट सकाळी चालते, दुपारी नाही.

बेळगाव_कॅम्प:
बरोबर. पॉप-अप नसेल तर पत्त्याच्या डावीकडची ढाल दाबा आणि ट्रॅकिंग संरक्षण फक्त त्या साइटपुरतं बंद करा. ते संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर (सगळ्यात कडक) ठेवलं असेल तर हमखास कुठेतरी मोडतं. तरी होईना तर हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड. त्यात एक्स्टेन्शन्स बंद होतात, म्हणजे दोष जाहिरात-रोधकाचा आहे का ते कळतं. त्या चौकटीत ‘ओपन’ दाबा. शेजारचं ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ चुकून दाबलं तर एक्स्टेन्शन्स जातील.

एज किंवा ब्रेव्हमध्ये चालतंय म्हणून काही सिद्ध होत नाही, दोन्ही आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच पाया.

चिकोडी_लॉगिन:
काही साइट्स नुसतं ब्राउझरचं नाव बघून दार लावतात. तिथे ‘क्रोम मास्क’ हे एक्स्टेन्शन तेवढ्या साइटपुरतं लावा, मग साइटला फायरफॉक्स क्रोमच वाटतो. डिजिटल सहीच्या टोकनाला (सहीसाठी लावायच्या यूएसबीला) मात्र त्याचा उपयोग नाही. टोकनाचं सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर १२७.०.०.१ या पत्त्यावर बसलेलं असतं आणि फायरफॉक्स त्याचं सर्टिफिकेट मानत नाही. आवृत्ती १२० पासून सेटिंग्जमध्ये विंडोजमधली बाहेरची रूट सर्टिफिकेट्स आपोआप मानायची खूण आहे, ती आहे का बघा. तरी नाही जमलं तर सहीपुरतं एज वापरा की ओ, त्यात कमीपणा नाही.

निपाणी_झेरॉक्स:
पट्टी होती! वर बुकमार्क बारला चिकटून, रंग जवळपास तोच. परवानगी दिली, उतारा आला. आता छापताना उजवीकडचा पिकांचा रकाना तुटतोय.

खानापूर_तंत्र:
कंट्रोल-पी, लँडस्केप, ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये स्केल ‘फिट टू पेज विड्थ’. तरी कडा गेली तर मार्जिन्स ‘मिनिमम’. कागद ए४ आहे का तेही बघा, लेटर ठेवलेला असतो बऱ्याचदा.

निपाणी_झेरॉक्स:
लेटरच होता.