ग्रे घोस्टचा पंख फिरतो, आणि रानकोंबड्याच्या पिसाचं काय करायचं?

भीमथडी (धागाकर्ता)

फेदरविंग स्ट्रीमर (गळावर पिसांचा पंख बांधून केलेलं, छोट्या माशासारखं दिसणारं बनावट आमिष, म्हणजे फ्लाय) बांधणाऱ्यांसाठी तीन प्रश्न आहेत. फ्लाय ग्रे घोस्ट, गळ ६ नंबरचा लांब दांडीचा, धागा १४० डेनियर.

१. चार करड्या हॅकलचा (कोंबड्याच्या मानेच्या लांब पिसांचा) पंख बांधताना सरळ बसतो, पण शेवटचे वेढे घट्ट केले की एका अंगाला कलंडतो. पाण्यात ओढली की फ्लाय गिरकी घेते आणि तंगुसाला पीळ पडतो.
२. डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. वरून वॉर्निश लावलं तरी दहातल्या तीन-चार फ्लाय पाच-सहा फेकींत सुटतात.
३. मूळ कृतीत गालावर जंगल कॉक, म्हणजे आपल्याच सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचं मानेचं पीस लागतं. गावाकडे एक जण मानेचं सबंध कातडं देतो म्हणतोय, "पडलेली पिसं आहेत" असं सांगून. घ्यावं का? नसेल तर पर्याय काय?

फ्लाय नदीतल्या महाशीर माशासाठी वापरायची आहे. पकडून सोडण्याबद्दलही कुणी नीट लिहिलं तर बरं होईल.

---

धागादोरा

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे: गळाच्या नेढ्यामागे जागा उरत नाही. बांधायला घेण्याआधी नेढ्यापासून ३ मिमी मोजा आणि तिथे धाग्याचा एक वेढा खूण म्हणून द्या. त्या खुणेच्या पुढे पंखाखेरीज काहीही जाता कामा नये.

अंगापासून सुरू करू. खुणेपासून मागे गळाच्या बाकापर्यंत एकाला एक चिकटून वेढे द्या. चपटी रुपेरी टिन्सेल (चमकती पट्टी) आणि केशरी फ्लॉस (रेशमी दोरा) दोन्ही दांडीच्या पूर्ण लांबीवर धाग्याखाली दाबून मागे न्या. मध्येच कापलं की तिथे पायरी पडते आणि फ्लॉस त्या पायरीवरून घसरतो. फ्लॉस हाताळण्याआधी हात साबणाने धुवा. बोटाची कातडी खरखरीत असेल तर तंतू उसवतात, तेव्हा नखांना आणि बोटांना कानस मारून घ्या. फ्लॉसचा पीळ काढून तो चपटा गुंडाळा. मग टिन्सेलचे पाच वेढे सारख्या अंतरावर.

अंगाखाली मोराच्या पिसाचे चार ते सहा तंतू, त्याखाली पांढरे केस. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. केस वीस-पंचवीसच घ्या. त्यांची बुडं एका रेषेत कापू नका, तिरकी कापा, म्हणजे डोक्याकडे उतार तयार होतो. बुडांवर पातळ सिमेंटचा (फ्लाय बांधताना वापरायच्या चिकटद्रव्याचा) एक थेंब टाकून मग धागा चढवा. फ्लाय सुटते ती बहुधा इथूनच. केस गुळगुळीत असतात, वरचं वॉर्निश आतपर्यंत पोचत नाही आणि केस आतल्या आत सरकतात.

आता पंख. हॅकलचा दांडा गोल असतो, गोल दांडीवर गोल दांडा ठेवून आवळला की तो लोळणारच. म्हणून बांधायच्या जागेवरची पिसं काढून टाका आणि दांडा चपट्या तोंडाच्या पकडीत हलकेच दाबून चपटा करा. पहिले दोन वेढे सैल द्या, चिमटीने पंख दांडीच्या वर धरून ठेवा, आणि ताण सरळ खाली द्या. धागा तुमच्याकडे ओढलात तर पंख तुमच्याकडे येईल.

याहून चांगली युक्ती ही फ्लाय जिने बसवली तिचीच आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांनी ती पहिल्यांदा बांधली. त्या व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) न वापरता हातातच बांधत, आणि पंखाची प्रत्येक बाजू आधी वेगळी चिकटवून घेत: दोन हॅकल, त्यावर खांद्याचं पीस, त्यावर गाल, सगळं दांड्यापाशी सिमेंटच्या थेंबाने जोडलेलं. तुम्हीही दहा डाव्या आणि दहा उजव्या बाजू आदल्या रात्री करून मेणकागदावर वाळत ठेवा. डावं-उजवं मात्र पिसाच्या नैसर्गिक बाकावरून ठरवा. दोन्ही बाजूंचे बाक आतल्या अंगाला आले पाहिजेत. एका बाजूचा बाक उलटा राहिला तर पंख कितीही सरळ बांधा, फ्लाय फिरणारच.

डोक्याला पाच वेढ्यांचं व्हिप फिनिश (धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून दिलेली गाठ) दोनदा. वॉर्निश पातळ, तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर. एकच जाड हात दिला तर वर कवच होतं आणि आत ओलं राहतं.

---

रानवाट

तिसरा प्रश्न. घेऊ नका. "पडलेली पिसं" आणि "मानेचं सबंध कातडं" या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. रानकोंबडा पावसाळ्याच्या सुमारास मानेची ती झगमगीत पिसं टाकतो आणि काही महिने आखूड काळी पिसं वागवतो. म्हणजे गळून पडतात ती सुटी पिसं, झिजलेली, पाचोळ्यात विखुरलेली. कातडं हातात आलं याचा अर्थ फासा लावून पक्षी मारला. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये प्राण्याच्या अवशेषांची जी व्याख्या आहे तिच्यात पीस स्पष्ट लिहिलेलं आहे. बाळगणाराही अडकतो, फक्त विकणारा नाही.

मोराची गोष्ट वेगळी. त्याच्या शेपटीच्या पिसांना याच कायद्यात देशांतर्गत सूट आहे, म्हणून पूजेच्या दुकानातला मोरपिसाचा जुडगा तुमच्या तंतूंसाठी चालतो. परदेशातल्या मित्राला पाकिटातून पाठवू नका, निर्यातीला बंदी आहे. पांढऱ्या केसांसाठी चितळाची शेपटीही नको. शेळीचे लांब पांढरे केस घ्या, ते पाण्यात हरणाच्या केसांपेक्षा जास्त हलतात.

परदेशी बांधणारे जंगल कॉक वापरतात ते पाळीव पैदाशीतलं, कागदपत्रांसकट विकलेलं. हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर नेण्यावर १९०२ मध्येच बंदी आली होती. या छंदाची हाव कुठवर जाते पाहायचं असेल तर इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातली २००९ ची चोरी आठवा. सामन माशाच्या जुन्या व्हिक्टोरियन फ्लाय बांधण्यात निष्णात असलेल्या एका तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. त्यांतली काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेली होती. बऱ्याच कातड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या. कुठे आणि कधी मिळाला हे पुसलं की तो नमुना शास्त्राच्या दृष्टीने निकामी. माशाला त्या पिसाने काडीचाही फरक पडत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पर्याय घरात होतो. काळ्या गावठी कोंबडीची मानेची पिसं घ्या, अडीच-तीन सेंमी लांबीची. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढून दोन दिवस ठेवा, पुन्हा आठवडाभर आत. पहिल्या थंडीत वाचलेली किडीची अंडी मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या थंडीत मरतात. हे टाळलंत तर कसर एका पिसातून सगळ्या डब्यात पसरेल.

मग पातळ सिमेंटमध्ये बोटं बुडवून पीस बुडापासून टोकाकडे ओढा, ते अरुंद पात्यासारखं चिकटून राहील. वाळल्यावर टूथपिकच्या टोकाने पांढऱ्या नेलपॉलिशचा लांबट ठिपका टोकापासून ४ मिमी आत, आणि त्याच्या खाली दुसरा थोडा मोठा. पांढरं वाळलं की मोठ्या ठिपक्यावर पिवळट केशरी. शेवटी यूव्ही रेझिनचा (यूव्ही प्रकाशात घट्ट होणाऱ्या पारदर्शक लेपाचा) पातळ थर. खऱ्या पिसावर टोकाशी मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, ते या थरामुळे जवळपास जमतात.

---

खवले

अवांतर: पकडायचं, दमवायचं, फोटो काढायचा आणि सोडायचं, यात नीती कुठली? खाणारा निदान खातो तरी. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या इराद्याने मासा पकडायलाच मनाई आहे.

---

नदीकाठ

खवले, मुद्दा पोकळ नाही. स्विस नियम माशाला होणाऱ्या त्रासाचा विचार करतो: खायचंच नसेल तर त्रास देण्याचं कारण काय? उलट बाजू अशी की वीस वर्षांचा महाशीर खाल्ला तर नदीतून वीस वर्षं जातात. मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर: सोडलेला मासा जगला पाहिजे. नुसतं "सोडला" म्हणून पुण्य पदरात पडत नाही.

भीमथडी, त्यासाठी पहिला बदल गळातच करा. ग्रे घोस्टची लांब दांडी मेनमधल्या तळ्यांत बोटीमागून ओढायला ठीक आहे. महाशीरच्या तोंडात ती तरफेसारखी चालते. भोक रुंद करते आणि शेवटी वाकते. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि बारीक तारेचा गळ तो तिथे चिरडतो. म्हणून दांडी फार लांब नको, तार जाड, आणि पंख दांडीपेक्षा थोडाच लांब. रंग तेच ठेवा. करडा, पांढरा आणि रुपेरी आपल्या अळकुटी या छोट्या माशाशीही जुळतो.

उलटा काटा फ्लाय बांधण्याआधीच दाबा, नंतर नाही. पकडीचं तोंड काट्याच्या लांबीला समांतर ठेवून हळू दाबा. आडवी धरलीत तर टोक मोडतं, आणि बांधून झाल्यावर मोडलं तर तासाभराचं काम वाया. मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गळ टोचून मागे ओढा. एकही सूत अडकलं तर काटा अजून शिल्लक आहे.

पाण्यावर: तंगूस जाड वापरा, १५ पौंडांच्या आसपास. बारीक तंगुसावर मासा जास्त वेळ झुंजतो, आणि सोडल्यावर त्या दमणुकीनेही मरू शकतो. हात ओले करा. जाळी रबराची, गाठींच्या नायलॉनची नको, ती चिकट थर खरवडते आणि पर फाडते. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटोसाठी वर उचलायचाच असेल तर दहा सेकंद, आणि तेही शेपटीला लटकवून नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत थांबा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं जातं.

मे महिन्यात फक्त डोहातच पाणी उरलं असेल तर गळ टाकूच नका. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, आणि सगळा मासा त्या एका डोहात कोंडलेला असतो. पावसाळ्यात पूर आला की महाशीर वरच्या ओढ्यांकडे अंडी घालायला चढतो, तेव्हाही नको. उरतात ऑक्टोबर ते मार्च, आणि तेवढे पुरेत. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारा, वनखात्याच्या हद्दीत वेगळी परवानगी. रायगड जिल्ह्यातल्या वाळण कोंडासारखे देवाचे डोह तर सोडूनच द्या. तिथला मासा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खातो, त्याला फसवण्यात कसब कसलं?

आणि "आपणच पिल्लं सोडून नदी भरू" असा उत्साह कुणाला आला तर जरा थांबा. निळ्या पराचा महाशीर मुळात आपला. साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याची नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याच्या हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) तो कावेरीत सोडला गेला, तिथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो कुबडा महाशीर अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. भलं करायला गेलेल्यांनीच ते केलं.

---

खवले

दहा सेकंदांचं मान्य. फोटोच नको, हे त्याहून जास्त मान्य.

---

भीमथडी (धागाकर्ता)

कातडं नाकारलं. बाजू आधी चिकटवून घेतल्यावर पंख फिरायचा थांबला, उलटा बाक हेच कारण होतं. आता एकच अडचण: कोंबडीच्या पिसावरचं पांढरं पॉलिश ठीक आहे, पण केशरी ठिपका वाळल्यावर दुधट पडतो. रेझिन लावलं तरी तसाच दिसतो.

---

रानवाट

बाहेर पाऊस असेल. पॉलिशमधलं द्रावक भराभर उडतं, पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतली वाफ बसते आणि रंग धुकट होतो. ६० वॅटचा पिवळा बल्ब टेबलावर हातभर उंचीवर लावून त्याच्या उजेडात ठिपके द्या, आणि पंखा बंद ठेवा. झालेली पिसं टाकू नका. थिनरमध्ये टेकवलेल्या टूथपिकने दुधट ठिपका नुसता ओला करा आणि बल्बखाली पुन्हा वाळू द्या, बहुतेक वेळा रंग परत येतो. रेझिन लावून झालेली पिसं मात्र गेली, थिनर त्याच्या खाली पोचत नाही.