जुनी डिझेल फोर बाय फोर: सकाळी लवकर स्टार्ट होत नाही

प्रश्न: मेकॅनिकल पंपाचं (इंजेक्टरला डिझेल दाबाने देणारा पंप) इंजिन. रात्रभर उभी राहिली की १०-१२ सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत थरथरत चालू होते. दिवसभर एका झटक्यात लागते. बॅटरी नवी, चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे) तापतात. पंप उघडायचा का?

उत्तर १: पंपाला हात लावू नका. डिझेलची लाइन हवा ओढतेय, रात्रीत डिझेल टाकीकडे परत जातं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइप लावा आणि सकाळी सेल्फ मारताना बघा. बुडबुडे दिसले की बँजो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे टाका. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही.

उत्तर २: बाहेर डिझेल ओघळलेलं दिसेलच असं नाही. सक्शनच्या बाजूला (पंप टाकीतून डिझेल ओढतो ती बाजू) दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे हवाच आत जाते. इंजेक्टरचे रिटर्न पाइपही (उरलेलं डिझेल परत नेणारे) तपासा, कडक होऊन टोकाशी चिरतात. मग ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारा. फेस जाऊन अखंड धार आली की ती चालू असतानाच स्क्रू आवळा.

उत्तर ३: तोवर सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर सेल्फच्या मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं.