संमती दिली म्हणून कोणीही सुरी चालवावी का?

आडवाट:
नीरक्षीर यांनी परवा लिहिले, की ‘माझे शरीर माझे आहे, वेदना मला होणार आहेत आणि पैसा माझा जाणार आहे; मग जीभ दुभंगून घेणारा माणूस आणि न्हाव्याकडून दाढी करून घेणारा माणूस यांच्यात नैतिक फरक तो काय?’ निमित्त होते डिसेंबर २०२४ मधल्या तिरुचिरापल्लीच्या प्रकरणाचे, ज्यात टॅटू स्टुडिओच्या चालकाला आणि त्याच्या साथीदाराला गिऱ्हाइकांच्या जिभा मधोमध चिरल्याबद्दल अटक झाली. या विषयावर गप्प बसायचे ठरवले होते, पण त्या दाढीच्या दाखल्याने राहवले नाही.

‘शरीर कोणाचे’ हा प्रश्न मुळात कोणी विचारलेलाच नाही. स्वतःची जीभ स्वतः चिरणाऱ्याला कोणी अटक करत नाही. अटक झाली ती दुसऱ्याच्या तोंडात सुरी घालणाऱ्याला. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनच्या खटल्यात हेच घडले. तिथल्या माणसाकडे टॅटू आणि पिअर्सिंगचा, म्हणजे दागिन्यांसाठी अंगाला भोके पाडण्याचा, रीतसर परवाना होता आणि त्याच्या जोरावर त्याने एका गिऱ्हाइकाचा कान कापून काढला, दुसऱ्याचे स्तनाग्र काढले आणि तिसऱ्याची जीभ दुभंगली. तिघांचीही संमती होती. तरीही २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की ही वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या माणसाने, कोणत्याही वैद्यकीय कारणाशिवाय केलेली शस्त्रक्रिया आहे आणि अशा गंभीर इजेला संमतीचा बचाव लागू होत नाही. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेचे कलम ८७ आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ झाले आहे आणि त्यातही अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीला हीच मर्यादा आहे: मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असेल, तर संमतीची ढाल चालत नाही.

दाढी परत उगवते, नीरक्षीर. कान उगवत नाही.

नीरक्षीर:
आडवाट यांनी नीतीचा प्रश्न विचारून उत्तर कायद्याचे दिले, ही त्यांची जुनी खोड आहे. कायदाच काढायचा तर पुरता काढा. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ब्राउन खटल्यात प्रौढ पुरुषांनी आपसांत संमतीने केलेल्या इजांबद्दलची शिक्षा तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने कायम ठेवली. तीनच वर्षांनी विल्सन खटल्यात पत्नीच्या संमतीने तिच्या नितंबांवर तापल्या सुरीने स्वतःची आद्याक्षरे डागणाऱ्या नवऱ्याला त्यांच्याच अपील न्यायालयाने सोडून दिले, कारण ते म्हणे टॅटूसारखेच होते. डाग दोन्हीकडे राहिले, संमती दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की एक प्रकार न्यायमूर्तींना किळसवाणा वाटला आणि दुसरा घरगुती वाटला. ज्याला तुम्ही तत्त्व म्हणता, ती पुष्कळदा नुसती शिसारी असते.

संमतीची एवढी काळजी असेल, तर आधी आपल्या घरात पाहा. सहा महिन्यांच्या पोरीला मांडीवर घट्ट धरून तिच्या कानांतून तार आरपार घालताना तुम्ही कोणाची संमती घेतली होती? ज्याला कळते, जो मागतो आणि जो स्वतःच्या खिशातून पैसे देतो, त्याची संमती अपुरी. आणि जिला बोलताही येत नाही, तिच्या वतीने सगळे नातेवाईक पेढे वाटायला मोकळे.

बकुळफुले:
नीरक्षीर, कान टोचणे आणि कान कापणे यांतला फरक समजावून सांगावा लागत असेल, तर या चर्चेत अर्थ नाही. माझ्या दोन्ही मुलांचे कान टोचले आहेत, मुलाचेसुद्धा, आणि त्यांपैकी कोणीही मोठेपणी माझ्यावर खटला भरलेला नाही. मुलाने दहावीनंतर बाळी काढली आणि भोक बुजत आले. तो आमच्याकडचा संस्कार आहे. त्याला ‘शरीरविकृती’च्या रांगेत बसवणे हा निव्वळ आगाऊपणा आहे.

खरी चिंता करायची असेल, तर हल्ली दागिन्यांच्या दुकानात कान टोचायला जे पिस्तूल चालवतात त्याची करा. माझ्या भाचीच्या कानाच्या वरच्या कुर्चेत त्या पिस्तुलाने खडा ठोकला, तिथे पू झाला आणि कानाची कड आजही चुरगळलेली आहे. आमच्या वेळी सोनार घरी यायचा, सोन्याची बारीक तार घालायचा आणि आठ दिवस खोबरेल लावले की काम संपायचे. कान सोनारानेच टोचावेत, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

सुईदोरा:
मी पुण्यात टॅटू आणि पिअर्सिंगचे काम करतो, म्हणून राहवत नाही. ताई, पिस्तुलाबद्दल तुम्ही म्हणता ते शब्दशः खरे आहे. त्यातला खडा बोथट असतो, तो मांस भेदण्याऐवजी फाडत जातो आणि ते यंत्र पुरते निर्जंतुकही करता येत नाही. पण तुमच्या त्या सोनाराने तार कशात उकळली होती आणि त्याआधी ती कोणाच्या कानाजवळ धरली होती, हे कधी विचारले होते का? माझ्याकडे प्रत्येक सुईचे पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडले जाते आणि सुई एकदाच वापरली जाते. तरी आमचा धंदा संशयास्पद आणि सोनार मात्र संस्कारी.

आता मुद्द्याचे. माझ्याकडे जीभ दुभंगून मागायला मुले येतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात शाई भरून मागायलाही येतात. मी दोन्हीला नाही म्हणतो. डोळ्याच्या कामात नेत्रावरण आणि पांढरे पटल यांच्यामधल्या अतिशय पातळ जागेत शाई सोडावी लागते. सुई केसभर खोल गेली, तर डोळा जाऊ शकतो, आणि एकदा पसरलेली शाई परत काढण्याचा उपाय कोणाकडेच नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने २००९ मध्येच यावर बंदी घातली. माझी स्वतःची स्थिती सांगतो: भिंतीवर शॉप अॅक्टचा परवाना लावलेला आहे, पण मी सुई कशी धरतो हे पाहायला आजवर कोणीही आलेले नाही. नकार देणे हे सर्वस्वी माझ्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे आणि ज्या दिवशी दुकानाचे भाडे थकलेले असते, त्या दिवशी सदसद्विवेकही जरा मवाळ होतो.

बकुळफुले:
आमच्या सोनाराला मध्ये आणण्याचे कारण नव्हते. तीन पिढ्यांचे कान त्यांनी टोचले आणि एकही चिघळला नाही.

नीरक्षीर:
तीन पिढ्यांत कोणी तक्रार केली नाही, हा पुरावा मानायचा असेल, तर गोंदणाचेही सांगतो. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेले होते. ती सात-आठ वर्षांची असताना दोघींनी तिचे हात धरले होते, हे ती हसत हसत सांगायची, आणि आम्हीही हसायचो. पुढे मुंबईला आल्यावर चाळीतल्या बायका आपल्याकडे गावंढळ म्हणून पाहतात असे वाटून ती फोटो काढताना पदर कपाळावर ओढायची. तिच्या चेहऱ्यावर जे कायमचे कोरले गेले, त्याला तुम्ही परंपरा म्हणाल. पंचवीस वर्षांच्या माणसाने विचार करून काही कोरून घेतले, की तीच परंपरा विकृती होते. वा!

आडवाट:
चर्चा कानाच्या पाळीवर अडकली आहे. कोणी कृपया मूळ प्रश्नाकडे येईल काय?

पंचगंगा:
येते. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते आणि माझ्यासमोर येणारा टोकाचा शरीरबदल जिभेचा नसतो, पायाचा असतो. उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया हा शब्द इथे कोणीच उच्चारला नाही, कारण ती डॉक्टर करतात आणि पावती देतात.

ही पद्धत सायबेरियातील कुर्गान इथे इलिझारोव्ह या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमींच्या न जुळणाऱ्या हाडांवर काम करताना विकसित केली आणि वेडेवाकडे, आखूड किंवा मोडलेले पाय असलेल्यांसाठी ती खरोखर वरदान ठरली. निरोगी माणसावर ती करायची म्हणजे त्याचे धडधाकट हाड मुद्दाम तोडायचे, हाडातून तारा घालून बाहेरून रिंग बसवायची आणि दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने, तेही चार हप्त्यांत, फट वाढवत न्यायची. पाच सेंटिमीटरसाठी पन्नास दिवस नुसते ताणण्यात जातात आणि त्यानंतर नवे हाड टणक व्हायला कित्येक महिने लागतात. हाड वाढते, पण पोटरी, टाचेमागची कंडरा आणि नसा त्या वेगाने वाढायला राजी नसतात. टाच जमिनीला टेकेनाशी होते, तारांच्या तोंडाशी पू धरतो आणि रात्रीची झोप जाते.

माझ्याकडे आलेला मुलगा पाच फूट तीन इंचांचा होता, शिकलेला, चांगल्या पगाराचा. सांगून आलेल्या मुली उंची ऐकून परत जात होत्या. वडिलांचा प्लॉट विकून त्याने परगावी पाय वाढवून घेतले. संमतीपत्रावर सही होती, साक्षीदार होता, सगळे चोख होते. पण सही करणारा माणूस आणि सहाव्या आठवड्यात स्वतःच्या हाताने पाना घेऊन स्वतःच्या पायावरचे नट फिरवताना रडणारा माणूस हे दोन निराळे होते, आणि दुसऱ्याला कोणीही विचारले नव्हते. त्याची उंची वाढली, हे मी नाकारत नाही. तो आज जिना उतरताना कठडा धरतो, हेही सांगते.

म्हणून संमतीवर माझा आक्षेप आडवाट यांच्यापेक्षा निराळा आहे. जे भोगायचे आहे त्याची चव न घेता दिलेली संमती अर्धीच असते. हळूहळू होणाऱ्या बदलात निदान मध्येच थांबता तरी येते. जिभेच्या बाबतीत तीही सोय नाही. आणि नीरक्षीर, ‘स्वतःचा निर्णय’ म्हणून ज्याचा गौरव करता, तो त्या मुलाचा कितपत होता आणि ‘मुलगा उंच हवा’ असे बायोडेटात लिहिणाऱ्या आपल्या सर्वांचा कितपत, हे एकदा सांगा.

नीरक्षीर:
तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, ताई. २०१६ मध्ये हैदराबादेत साडेपाच फुटांहून उंच असलेल्या एका तरुण अभियंत्याने घरी न सांगता हीच शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांनी रुग्णालयासमोर आकांत केला, वर्तमानपत्रे भरली, वैद्यक परिषदेने चौकशी केली. पण बेड्या घेऊन कोणी आले नाही. निरोगी मांडीचे किंवा नडगीचे हाड तोडणारा प्रतिष्ठित आणि जीभ चिरणारा पोरगा कोठडीत. पदवी असली की सुरी पवित्र होते, आणि ज्याच्याकडे लाखो रुपये नाहीत त्याची हौस तेवढी गुन्हा ठरते, असे स्पष्ट लिहा. उगाच नीतीचा आव कशाला?

पंचगंगा:
पदवीने सुरी पवित्र होत नाही, परंतु रक्त थांबेना तर काय करायचे हे पदवीवाल्याला माहीत असते. जिभेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तुमच्या त्या ‘पोराकडे’ वैद्यकीय प्रशिक्षण नव्हते. गरिबीचा कळवळा दाखवून तुम्ही गरिबाच्याच तोंडात ब्लेड घालता आहात, हे तुम्हाला दिसत नसेल, तर मी थांबते.

लीड्सवासी:
दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. मी इंग्लंडात राहतो आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या माणसाच्या बाजूने सह्या करणारे हजारो लोक होते, हे आडवाट यांनी सांगितले नाही. पण त्याहून अवघड उदाहरण स्कॉटलंडचे आहे. फॉल्कर्कच्या रुग्णालयात १९९७ आणि १९९९ मध्ये रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदांनी दोन पुरुषांचे पूर्णपणे निरोगी पाय कापले, कारण तो पाय आपला नाहीच, ही त्यांची भावना वर्षानुवर्षे टिकून होती आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतरही ती हलली नव्हती. दोघांनी नंतर समाधान व्यक्त केले. प्रकरण उघडकीस आल्यावर रुग्णालयाने पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र जागा मिळाली आहे.

याच्या उलट १९९८ मध्ये अशाच इच्छेने न्यूयॉर्कचा एक वृद्ध गृहस्थ परवाना रद्द झालेल्या सर्जनकडे गेला, त्याने मेक्सिकोतील तिहुआना इथे पाय कापून घेतला आणि गँगरीन होऊन तो कॅलिफोर्नियातील एका हॉटेलच्या खोलीत मेला. दार बंद केल्याने माणूस परत घरी जातोच असे नाही; तो मागच्या गल्लीत जातो.

आडवाट:
लीड्सवासी, तुमच्या पहिल्या उदाहरणाचे उत्तर माझ्याकडे सहजासहजी नाही, हे नाइलाजाने लिहितो. परंतु लक्षात घ्या, की तिथे शल्यविशारद होता, मानसोपचारतज्ज्ञ होते आणि ‘आज आलात, आजच करून देतो’ असा सवलतीचा दर नव्हता. नीरक्षीर यांची दाढी तिथे बसत नाही. आणि विल्सन खटल्याबाबत त्यांचा टोमणा मला मान्य आहे. न्यायमूर्तींची शिसारी हा मापदंड होऊ शकत नाही. एवढ्यावर त्यांनी समाधान मानावे.

सुईदोरा:
तुम्ही मापदंड ठरवा, पण तो पाळून घेणारा माणूसही नेमा. परवाना, प्रशिक्षण, वर्षातून एकदा अचानक तपासणी, आणि काय हातात घ्यायचे नाही याची यादी एवढे मिळाले, तर ‘कायद्यात बसत नाही’ असे सांगून मी गिऱ्हाइकाला परत पाठवू शकेन. आज मी नाही म्हटले, की ते मूल ‘दुसरीकडे स्वस्तात होते’ असे मलाच ऐकवून जाते.

नीरक्षीर:
ठीक आहे. परत न फिरवता येणारा बदल असेल, तर वय एकवीस, दोन भेटींमध्ये तीन महिन्यांचे अंतर, हातात सुरी धरणारा प्रशिक्षित आणि आधीच करून घेतलेल्या दोघांशी प्रत्यक्ष बोलणे सक्तीचे. पंचगंगाताईंच्या त्या नट फिरवणाऱ्या मुलामुळे हे मान्य करतो आहे, आडवाट यांच्या कलमांमुळे नव्हे. आता हाच नियम सर्वांना सारखा लावा: ज्याला स्वतः मागता येत नाही, त्याच्या अंगाला भोक पाडायचे नाही. कान टोचणे पोरीने स्वतःहून मागेपर्यंत थांबवायचे. पाहू, इथली किती मंडळी याखाली सही करतात ते.

बकुळफुले:
मी करणार नाही. नातीचे कान येत्या गुरुवारी टोचायचे ठरले आहे. सुईदोरा यांच्या सांगण्यावरून तार आमच्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर उकळली जाईल, आणि सोनारांना तसे कळवले तेव्हा त्यांना राग आला, तो मी सहन केला. नीरक्षीर यांना पेढे पोहोचतील. समारंभाचे आमंत्रण नाही.