मदत हवी आहे: वीज आणि गरम पाणी दोन्ही देणारं सोलर पॅनल घ्यावं का?

कृष्णाकाठ_वाई: नमस्कार. गच्चीवर सोलर बसवायचंय. एक विक्रेता पीव्हीटी, म्हणजे हायब्रिड पॅनल सुचवतोय. वर वीज, मागच्या नळ्यांतून गरम पाणी. साध्या पॅनलपेक्षा बरंच महाग आहे, पण पॅनल गार राहून वीजही वाढते म्हणतो. शनिवारपर्यंत ॲडव्हान्स हवाय त्याला. घ्यावं की नाही एवढंच सांगा, प्लीज लवकर.

मीटरवाला: किती किलोवॅट? गच्ची केवढी? पाणी किती लिटर, कधी लागतं? यातलं काहीच माहीत नसताना काय सांगणार?

लिथियमप्रेमी: हायब्रिड डोळे झाकून घ्या. आमच्याकडे हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी आहे, लाइट गेलेली कळतसुद्धा नाही.

कृष्णाकाठ_वाई: दादा, बॅटरीचं विचारलंच नाहीये. ३ किलोवॅट. जिना-टाकी सोडून साडेचारशे स्क्वेअर फूट. पाणी ३०० लिटर, सकाळी.

सुमेधा_पुणे: विक्रेता म्हणतोय त्यात तथ्य आहे. कडक उन्हात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे भर दुपारी १४ टक्के गेली. नळ्यांतलं पाणी ती उष्णता ओढून घेतं. पण पॅनल गार ठेवायचं तर पाणी ३५-४० अंशांवरच काढावं लागतं. ६० अंशांचं पाणी मागितलंत की पॅनलही तेवढंच तापणार, मग वीज वाढणार कुठून? पोहण्याच्या तलावाला किंवा थंड देशात हीट पंपाला (कोमट उष्णता ओढून ती वाढवणाऱ्या यंत्राला) जोडून हे उत्तम चालतं.

जुना_प्लंबर: पाणी बोअरचं आहे का? क्षार धरले की बारीक नळ्या चोंदतात. मध्ये हीट एक्स्चेंजर (बोअरचं पाणी नळ्यांत न जाऊ देता फक्त उष्णता पोचवणारा भाग) नसेल तर हात लावू नका. सरळ काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर घ्या.

सुमेधा_पुणे: काका, माकडं फोडतात त्या नळ्या! पाचगणीला आईच्या घरी दोनदा बदलल्या. फ्लॅट प्लेटच (सपाट पेटीतल्या धातूच्या नळ्यांचा हीटर) बरा.

जुना_प्लंबर: फ्लॅट प्लेट बोअरच्या पाण्याने आधी चोंदतो, ताई. माकडांसाठी जाळी मारता येते.



मीटरवाला: मूळ मुद्द्यावर या. ३ किलोवॅटला तीनशे स्क्वेअर फूट, ३०० लिटरच्या हीटरला शंभरएक. दोन्ही वेगवेगळं आरामात बसतंय. पीव्हीटी जागा नसेल त्याने घ्यावं. शिवाय पीव्हीटीला पाणी फिरवायला पंप लागतो. लाइट गेली की ग्रिडला (बाहेरच्या वीजलाइनला) जोडलेला इन्व्हर्टर बंद, पंपही बंद. साध्या हीटरमध्ये गरम पाणी आपोआप वर चढतं. आणि केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे ७८,००० मिळायला पॅनलमधले सेल देशी लागतात, ते लेखी घ्या. मीटर घरगुतीच आहे ना?

कृष्णाकाठ_वाई: नाही, होमस्टे आहे, चार खोल्या. मीटर व्यापारी. पाणी बोअरचंच. त्याने काय फरक पडतो?

मीटरवाला: अहो, ती सबसिडी फक्त घरगुती ग्राहकांना आहे! कोटेशनमध्ये वजा केलीय का बघा.

कृष्णाकाठ_वाई: हो. ७८,००० वजा करूनच रक्कम दिलीय.

सुमेधा_पुणे: मग शनिवारी एक पैसा देऊ नका. सुधारित कोटेशन मागा आणि उष्णतेचा आयएसओ ९८०६ चा (सोलर हीटरच्या चाचणीचं मानक) टेस्ट रिपोर्टही. पावसाळ्यात पाहुण्यांना पाणी कशावर तापवून देणार, तेही विचारा.

लिथियमप्रेमी: होमस्टे आहे म्हटल्यावर बॅटरी हवीच हो.